क्लाउडमधला डेटा नोडमधून एसक्यूएलने काढायचाय: थेट एपीआय, कनेक्टर की घरचं पोस्टग्रेस?

सांगलीत मार्केट यार्डाजवळ एक हळद एक्स्पोर्टवाले आहेत, त्यांचं काम मी बघतो. गिऱ्हाइकं आणि ऑर्डरी सेल्सफोर्समध्ये (गिऱ्हाइकांचा हिशेब ठेवायचं क्लाउडवरचं सॉफ्टवेअर), गोडाऊनातल्या लॉटचा हिशेब दिवाणजी गूगल शीटमध्ये ठेवतात, आणि शेठना सकाळी चहासोबत एकच गोष्ट लागते, कुणाला कुठला लॉट गेला आणि येणं किती बाकी. म्हणजे दोन ठिकाणचा डेटा एकत्र आणायचा आणि तोही नोडमधून, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टातून. तिन्ही वाटांनी जाऊन बघितलंय, कुठं ठेच लागते ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

थेट एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडं डेटा मागायच्या दाराने जायचं तर सेल्सफोर्ससाठी जेएसफोर्स लायब्ररी आहे, एनपीएमवरून (नोडच्या पॅकेजांचं भांडार) टाकली आणि लॉगिन झालं की क्वेरी चालू. पण ती एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) नाय, ती एसओक्यूएल, एसक्यूएलची चुलत बहीण म्हणा. तोंडवळा तोच पण सिलेक्ट स्टार (सगळी फील्डं एकदम मागणं) चालत नाही, फील्डांची नावं लिहायला लागतात, आणि मनाला येईल तो जॉइन (दोन टेबलांची जोडणी) करता येत नाही, दोन ऑब्जेक्टमध्ये (सेल्सफोर्स टेबलाला ऑब्जेक्ट म्हणतं) आधीच नातं बांधलेलं असेल तरच डॉट लावून पलीकडचं फील्ड मिळतं. एका कॉलला जास्तीत जास्त २००० रेकॉर्ड, म्हणजे १२,००० ऑर्डरी ओढायला ६ कॉल. शीटशी जोडणी तर तुम्हीच जावास्क्रिप्टात मॅप बनवून करायची. मी सुरुवातीला शहाणपणा केला, प्रत्येक ऑर्डरीमागे शीटला एक कॉल, लूपमध्ये. शीटच्या एपीआयला एका युजरमागे मिनिटाला ६० रीड एवढीच मुभा, त्यामुळं लगेच ४२९ ची, म्हणजे फार कॉल झाल्याची एरर आणि शेठ फोनवर. शीट एकदाच अख्खी वाचायची, एवढं साधं होतं. तरी या वाटेचा फायदा मोठाय, डेटा एकदम ताजा आणि मधे कुणी दलाल नाही. एकाच ऑब्जेक्टवरून चार आकडे काढायचे असतील किंवा परत लिहायचंही असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, हेच करा.

कनेक्टर म्हणजे सीडाटा वगैरेंचं प्रॉडक्ट, ते मधे बसतं आणि बाहेरून मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर असा नेहमीचा डेटाबेस असल्यागत वागतं. तुम्ही नेहमीचं मायएसक्यूएल२ पॅकेज लावायचं, सेल्सफोर्स एक टेबल, शीट दुसरं टेबल, आणि खरोखरचा जॉइन लिहायचा. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी खुर्चीतनं उठलोच. पण आत कॉल त्याच एपीआयला जातात हे विसरू नका, लिमिटा त्याच. क्वेरीतल्या वेअरमधली (कुठले रेकॉर्ड हवेत ते सांगणारी) साधी अट तो खाली एपीआयला पाठवतो, पण कॉलमभोवती एखादं फंक्शन गुंडाळलं की बऱ्याचदा अख्खं टेबल वर ओढून मग गाळत बसतो. दोन वेगळ्या सोर्सचा जॉइनही त्याच्याच मेमरीत होतो, आणि तुम्हाला वाटतं क्वेरी तर चार ओळींची, मग एवढा वेळ का. ओडीबीसीने (डेटाबेसशी जोडायची जुनी ठराविक पद्धत) जाणार असाल तर सर्व्हरवर युनिक्सओडीबीसी आणि ड्रायव्हर बसवायचा एक दिवस वेगळा धरा. फुकटात बघायचं असेल तर स्टीमपाइप आहे, ते आतून पोस्टग्रेस (फुकट मिळणारा डेटाबेस) आहे, सर्व्हिस चालू केली की ९१९३ पोर्टवर पीजी या नोडच्या नेहमीच्या पोस्टग्रेस पॅकेजने जोडता येतं, सेल्सफोर्स आणि शीट दोन्हीचे प्लगइन आहेत. फक्त वाचायचं काम.

तिसरी वाट आता माझ्याकडं चालू आहे. सांगलीजवळ हरिपूरला पूर्वी हळद पेवात (जमिनीखालच्या खड्ड्यात) भरून ठेवायचे आणि लागेल तशी काढायचे, तसं डेटा आपल्या पोस्टग्रेसमध्ये भरून ठेवायचा. दर १५ मिनिटांनी क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम), सिस्टममॉडस्टॅम्प (रेकॉर्ड शेवटचं बदलल्याची वेळ) बघून तेवढेच बदललेले रेकॉर्ड आणायचे, इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्टने, म्हणजे नवं असेल तर घाल, असेल तर बदल, असं बसवायचे (पोस्टग्रेस ९.५ पासून आहे, २०१६ पासून म्हणजे). त्यानंतर जॉइन, विंडो फंक्शन, काय पाहिजे ते करा, लिमिटची कटकट नाही. पण पेवाची निगा तुमच्यावर. सगळ्यात जास्त गंडतं ते डिलीट. सेल्सफोर्समध्ये कुणी ऑर्डर उडवली तर साध्या क्वेरीत ती येतच नाही, तुमच्याकडं मात्र जिवंत राहते. त्यासाठी उडवलेले रेकॉर्डही मागायला लागतात, आणि रिसायकल बिनमध्ये ते १५ दिवसच असतात, त्यामुळं सिंक महिनाभर बंद पडला तर सरळ सगळं नव्याने भरा. तारखांचंही तसंच, तिकडून वेळ यूटीसीत (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) येते, अमेरिकेच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आपल्याकडं रात्री १२ नंतर आणि पहाटे ५.३० च्या आत पडली की रिपोर्टात आदल्या तारखेला दिसते.

आणि एक, पीजी पॅकेज न्यूमेरिक आणि बिगइंट हे आकडे स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अक्षरांसारखे देतं, अचूकता जाऊ नये म्हणून. मला माहीत होतं, तरी विसरलो. एका पार्टीची बाकी ४५००० आणि दुसरीची १२०००, जावास्क्रिप्टात अधिक केलं आणि शेठच्या मोबाइलवर गेलं ४५०००१२०००, म्हणजे साडेचारशे कोटी आणि वर १२ हजार. शेठ म्हणाले, एवढं येणार असेल तर आजच दुकान बंद करू. बेरीज एसक्यूएलमध्येच सम लावून करा आणि बाहेर आल्यावर आकड्यात बदलून घ्या.

बहुतेकांना मी तिसरीच सांगतो, कारण शेठलोकांना १५ मिनिटं शिळं चालतं, फक्त हे आधी विचारून घ्या, उगं गृहीत धरू नका. पण साताऱ्यात एमआयडीसीत माझा मित्र आहे, त्याच्याकडं कनेक्टरच बरोबर बसला. तिथं अकाउंटवाल्या मॅडमना तोच डेटा एक्सेलमध्ये हवा होता, नोडशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, आणि रात्री सिंक पडला तर उठून बघणारा तिथं कुणी नाही.