ड्राय सम्पचे आठ महिने: पंप भारी, पण खेळ टाकीचा

दोन इंजिनं घालवल्यावर ड्राय सम्पचा हा खर्च केला: तेल इंजिनाखालच्या भांड्यात, म्हणजे सम्पमध्ये, न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि पंपाने फिरवायचं. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर लांब वळणात तेल सम्पच्या एका बाजूला चढायचं, तेल ओढणारं तोंड (पिकअप) हवा ओढायचं आणि तेलाच्या प्रेशरची 4 बारवरची सुई दीडवर यायची. सम्पमध्ये बॅफल, म्हणजे तेल अडवणारे आडवे पत्रे, घालून पाहिले होते. जास्त पकड देणारे बिननक्षीचे स्लिक टायर येईपर्यंत ते पुरले. दुसऱ्यांदा रॉडचं बेअरिंग गेलं तेव्हा घरी सांगायची सोय उरली नव्हती.

पंप तीन स्टेजचा आहे: दोन तेल ओढायला, एक प्रेशरला. सम्पमधून तेलासोबत भरपूर हवा येते, म्हणून ओढणारी बाजू मोठी लागते. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने दातेरी पट्ट्यावर फिरतो. पट्टा नागदेवी स्ट्रीटवर मिळाला. पंपाबद्दल तक्रार नाही.

घोळ टाकीत झाला, आणि डिझाइन माझंच. डिकीत मावावी म्हणून बसकी, रुंद टाकी करून घेतली. वळणातली सुई सुधारली, पण ट्रॅकच्या सरळ भागाच्या शेवटी 6000 आरपीएमच्या वर थरथरायला लागली. महिनाभर पंपाला शिव्या घातल्या. परतीचं तेल वरून धबधब्यासारखं पडत होतं, फेस बसायला वेळच नव्हता. आता 9 लिटरची उंच, अरुंद टाकी आहे. तेल वरच्या बाजूला तिरकं शिरतं, भिंतीला धरून गोल फिरत उतरतं, हवा मधून वर सुटते. पंपाकडे जाणारी अर्धा इंची नळी काढून पाऊण इंची घातली. थरथर गेली.

पावसाळ्यात गाडी सात आठवडे घाटकोपरच्या गॅरेजात पडून होती. तेवढ्यात टाकीतलं तेल पंपाच्या फटींतून सम्पमध्ये उतरलं. भाच्याला टाकी रिकामी दिसली. त्याने 2 लिटर ओतलं, स्टार्टर मारला आणि थोड्या वेळात इंजिनातली वाफ-हवा जिथे सुटते त्या ब्रीदरच्या डब्यातून तेल फरशीवर. पातळी इंजिन गरम आणि चालू असतानाच बघायची, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. टाकीखाली तेल बंद करणारा कॉक बसवायचा सल्ला मिळाला, पण एकदा उघडायचा विसरलो की तिसरं इंजिन. त्यापेक्षा इंजिन सुरू करण्याआधी पट्टा काढून पंप ड्रिल मशीनने फिरवतो, म्हणजे सम्पमधलं तेल परत टाकीत जातं. दिशा मात्र तपासा.

झाकणाखाली दुधाळ चिकटाही सापडला, म्हणजे तेलात मिसळलेलं पाणी. ते पाणी उडायला तेल चांगलं 90 अंशांच्या वर तापावं लागतं. सोसायटीत दहा मिनिटं इंजिन चालवून उलट वाढतं.

रोजच्या गाडीला हा उपद्व्याप नको, तिथे बॅफल पुरे. परवा फिल्टर कापून पाहिला, घड्यांत बेअरिंगच्या धातूची चकाकी नाही. पट्ट्यावर पत्र्याचं कव्हर तेवढं राहिलंय, खडा अडकायच्या आत बसवतो.