ताप कितवा दिवस, हे आधी विचारणारी लॅब (सात रस्ता भाग)

आमच्या घरात गेल्या महिन्यात दोन पेशंट झाले, आधी मुलगी मग आई, त्यामुळं पंधरा दिवसात चार वेळा या लॅबमध्ये जाणं झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुलीला १०२ ताप आला तसा दुसऱ्याच दिवशी मी घाबरून घराजवळच्या एका ठिकाणी डेंग्यूची टेस्ट करून घेतली. त्यांनी फक्त आयजीएम आणि आयजीजी या अँटीबॉडींची (आजाराशी लढायला शरीर बनवतं ती प्रोटीनं) पट्टी लावली, दोन्ही निगेटिव्ह, डेंग्यू नाही म्हणाले, निवांत घरी जावा. ताप काय हटेना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी इथं पाठवलं तर काउंटरवरच्या मॅडमनी चिठ्ठी हातात घ्यायच्या आधी विचारलं, "दादा, ताप कधीपासून? आज कितवा दिवस?" आणि एनएस१ केली. पॉझिटिव्ह!

कालची मग निगेटिव्ह कशी आली, मी जरा चिडूनच विचारलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, पट्टी खोटी नव्हती, वेळ चुकली. एनएस१ हे व्हायरसचंच प्रोटीन, ते पहिल्या दिवसापासून रक्तात सापडू शकतं, अँटीबॉडी मात्र शरीराला तयार कराव्या लागतात. सगळ्यात आधी येते आयजीएम, डेंग्यूत साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागते, पाच तुकडे एकत्र जोडलेली असते म्हणून तिला पकडायच्या दहा जागा असतात. आयजीजी तिच्या मागून येते पण टिकते तीच, रक्तातल्या अँटीबॉडीत पाऊण हिस्सा तिचाच. सहाव्या दिवशी परत नेलं तर आयजीएम पॉझिटिव्ह, अगदी सांगितल्यासारखं.

आईचं प्रकरण वेगळं निघालं. तिला पाचव्याच दिवशी आयजीजी ठळक आणि आयजीएम फिकट. इथल्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर स्वतः बाहेर आल्या, "आजींना आधी कधी डेंग्यू झालता का?" आम्हाला कुणालाच आठवेना. त्या म्हणाल्या, आयजीजी इतक्या लवकर वर आली म्हणजे शरीराची जुनी ओळख असावी, हे बहुतेक दुसऱ्यांदा असेल. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एका प्रकाराविरुद्धची जुनी अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला नीट अडवत नाही, उलट कधी कधी व्हायरसला पेशीत शिरायला मदतच करते, म्हणून दुसऱ्या वेळी जास्त जपावं लागतं. त्यांनी तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आईला त्याच दिवशी ॲडमिट केलं. त्या एका फोनसाठी मी या लॅबचा कायम ऋणी आहे.

बहीण तेव्हा चार महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आलेली, तिला दूध पाजायची भीती वाटायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, तुला ताप नाही ना, मग बिनधास्त पाज, दुधातून आयजीए ही अँटीबॉडी जाते, ती आतड्याच्या अस्तरावर राखण करते, आणि पोटात असताना वारेतून तुझी आयजीजी बाळाला मिळालीच आहे, फक्त ती काही महिन्यांत उतरते म्हणून बाळाला मच्छरदाणीतच ठेव.

मी चादरीच्या गोडाऊनमध्ये काम करतो, सकाळ-सकाळ शिंका सुरू होतात, म्हणून म्हणलं आलोच आहे तर ॲलर्जीची आयजीई (ही पण एक अँटीबॉडीच) पण करून टाका. तर मॅडम नको म्हणाल्या. म्हणे ती रक्तात अगदी थोडी असते, ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशींना चिकटून बसते आणि शिंका आणणारं हिस्टामिन सोडायला लावते हे खरं, पण पोटात जंत असले तरी आकडा वाढतो, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच करा. हातात आलेले पैसे कोण सोडतंय आजकाल! पाचवी अँटीबॉडी आयजीडी म्हणून असते, ती मुख्यतः बी पेशींच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) पृष्ठभागावर असते आणि रोजच्या तपासणीत लागत नाही, एवढंच सांगितलं.

कमी काय ते पण सांगतो. बसायला चारच खुर्च्या, तापानं फणफणलेलं माणूस जिन्यात उभं राहतं. सहाला देतो म्हणलेला रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नऊ वाजता आला, आईच्या वेळेला ते तीन तास फार जड गेले. गाडी लावायला जागा नाही.

चार स्टार. जाताना ताप कुठल्या तारखेला किती वाजता सुरू झाला ते लिहून न्या, तिथं पहिलं तेच विचारतात. आणि आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही म्हणून सगळेच बॅरल भरून ठेवतात, आमच्या गच्चीवरच्या उघड्या बॅरलमध्ये अळ्या सापडल्या, तुमचं पण आजच बघून घ्या.