चार मोठे फेंडर आणि नऊ महिने: भर समुद्रातल्या वापराचा अनुभव

३.३ मीटर व्यासाचे, ६.५ मीटर लांबीचे हवेचे चार फेंडर, त्यावर साखळी आणि टायरची जाळी. फेंडर म्हणजे दोन जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये ठेवायची मोठी उशी. शिवाय नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला टांगायला दोन लहान फेंडर. हा संच आमच्या सपोर्ट बोटीवर येऊन नऊ महिने झाले. भर समुद्रात एका टँकरमधून दुसऱ्यात तेल उतरवायचं असलं की आम्ही हे ओढत नेतो, बांधतो आणि काम संपलं की परत आणतो. महिन्याकाठी तीन-चार वेळा तरी हे होतंच. नवा संच घेणाऱ्याला किंवा नुकताच हाताळायला लागलेल्याला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

जहाजावर कुठल्याही हवेच्या फेंडरला सरसकट ‘योकोहामा’ म्हणतात. ते खरं तर एका कंपनीचं नाव. त्या कंपनीने १९५८ मध्ये असा फेंडर बनवला आणि नाव वस्तूलाच चिकटलं. आमचा संच वेगळ्या कंपनीचा आहे, पण हाकेला तोही योकोहामाच. त्याआधी व्हेलची शिकार करणारे ताफे भर समुद्रात दोन जहाजांच्या मध्ये मेलेले व्हेल फेंडर म्हणून सोडत. दोन पत्र्यांच्या मध्ये काहीतरी मऊ, तरंगणारं आणि मोठं हवं, ही गरज तेव्हाही तीच होती.

आधी रबराबद्दल. रबराला मी पैकीच्या पैकी गुण देईन. बाहेर जाड रबर, मध्ये टायरसारखे दोऱ्यांचे थर, आत हवा धरणारं रबर. नऊ महिन्यांत एकाही फेंडरला भोक पडलेलं नाही. जाळीतल्या टायरखाली रबर थोडं घासून गुळगुळीत झालंय, पण दोरे कुठेच दिसत नाहीत. हे मी दर वेळी बॅटरीच्या उजेडात, हात फिरवून बघतो, कारण नुसत्या डोळ्याला काळ्यावर काळं दिसत नाही.

हवेचं प्रेशर हा मात्र रोजचा विषय. आमच्या फेंडरचं ठरलेलं प्रेशर ५० किलोपास्कल. मोटारीच्या टायरच्या साधारण चौथाई. नवीन माणसाला हे खोटं वाटतं. एवढी मोठी जहाजं आणि एवढीशी हवा! पण फेंडर दाबला गेला की आतली हवा आकसते, तिचं प्रेशर चढत जातं, आणि जितकं दाबाल तितका तो जास्त विरोध करतो. सुरुवातीला मऊ असल्यामुळे पहिला धक्का पत्र्याला बसत नाही. जोर मोठ्या क्षेत्रावर पसरतो, म्हणून टँकरच्या पत्र्याला पोचे येत नाहीत.

पहिल्याच महिन्यात आमची चूक झाली. दुपारी फेंडर डेकवर उन्हात होते, गेज ६० दाखवत होतं. एका खलाशाने प्रामाणिकपणे हवा सोडून ते ५० वर आणलं. संध्याकाळी फेंडर पाण्यात गेले, थंड झाले आणि प्रेशर ४० वर आलं. त्या रात्री ते नेहमीपेक्षा जास्त चेपत होते आणि आमच्या मनात धाकधूक होती. रबर बिघडलं नव्हतं, प्रेशर चुकीच्या वेळी मोजलं गेलं होतं. आता नियम केलाय: फेंडर पाण्यात तासभर राहिल्यावर मोजायचं, आणि आकड्याशेजारी वेळ लिहायची. एका फेंडरमध्ये ४५ घनमीटरच्या आसपास हवा मावते; छोट्या कंप्रेसरने ती भरायला बसलं तर अख्खी दुपार जाते. म्हणून कंप्रेसर घेताना कंजुषी करू नका.

उलट चूकही घातक. जास्त हवा भरली की फेंडर कडक होतो, जहाज त्यावर आदळून मागे उसळतं आणि दोरांवर झटका येतो.

वेगाचा हिशेब ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथल्या, प्रत्येकाला तोंडपाठ हवा. जवळ येण्याचा वेग दुप्पट झाला की फेंडरला पचवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. व्यासाच्या ६० टक्के चेपल्यावर किती ऊर्जा पचते, तो आकडा प्रमाणपत्रात दिलेला असतो. म्हणजे आमचा ३.३ मीटरचा फेंडर तेवढा चेपला की दोन जहाजांमध्ये उरतात १.३ मीटर. त्यात लाटेने दोन्ही जहाजं एकमेकांकडे कलली तर डेकवरचे उंच भाग टेकायला वेळ लागत नाही. फेंडर निवडताना नुसती ऊर्जा बघणाऱ्यांना मी हेच सांगतो: व्यासही बघा.

दोन लहान फेंडरांबद्दल आधी मला शंका होती, ती पूर्ण गेली. येणारं जहाज क्वचितच अगदी समांतर येतं. नाळ किंवा मागचं टोक आधी टेकतं आणि तिथे मोठा फेंडर नसतो. पण हे लहान फेंडर दोरावर टांगलेले असतात, आणि इथेच लक्ष लागतं. तेल जसजसं उतरतं तसं एक जहाज वर येतं, दुसरं खाली बसतं. मोठे फेंडर पाण्यावर तरंगतात, त्यांना याने काही फरक पडत नाही. टांगलेला फेंडर मात्र आपल्या जहाजाबरोबर वर किंवा खाली जातो आणि काही तासांत समोरच्या जहाजाच्या भलत्याच जागी येतो. आम्ही दर दोन तासांनी दोर सैल-घट्ट करतो. पहाटे तीनला पावसात हे काम करणाऱ्या बोसनचं (खलाशांच्या मुकादमाचं) मला मनापासून कौतुक आहे.

बांधणी कुणाच्या अंगावर, याबद्दल माझं मत आता पक्कं आहे. फेंडरची माळ येणाऱ्या जहाजावर असावी. ते जिथे टेकेल तिथे फेंडर असणारच. एक जहाज संथ वेगाने दिशा धरून चालतं आणि दुसरं बहुतेक वेळा आपली डावी बाजू त्याच्या उजव्या बाजूला लावतं. तेव्हा वळणाऱ्या जहाजाचं नेमकं कुठलं अंग आधी टेकणार हे सांगता येत नाही. फेंडर त्याच्याच अंगावर असले की तो प्रश्न राहत नाही.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. रबर उत्तम, लोखंड निकृष्ट. जाळीच्या साखळ्या गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या) म्हणून आल्या, पण चौथ्या महिन्यापासून दोन फेंडरच्या टोकाकडच्या शॅकलवर, म्हणजे साखळ्या जोडणाऱ्या पिनेच्या कड्यांवर, तांबूस पूड दिसायला लागली. पाचव्या महिन्यात एका शॅकलची पिन मोकळी झाली. पिनेची सुरक्षा तार कधी तुटली कळलंच नव्हतं. साखळीचं एक टोक सुटून लाटेबरोबर पत्र्यावर आपटत होतं. टँकरच्या पत्र्यावर लोखंड आपटणं म्हणजे काय, ते तेलवाहू जहाजावरच्या माणसाला सांगायला नको. काम थांबवलं, जहाजं वेगळी केली, साखळी बांधली. रबरावर एक खोल ओरखडा राहिला. तो नंतर दुरुस्त करून घेतला. पुरवठादाराने आधी वापर चुकीचा म्हणून हात झटकले, मग फोटो पाठवल्यावर शॅकल बदलून दिले. बदललेल्यांवर अजून गंज नाही. घेताना साखळीची जाडी, शॅकलचा दर्जा आणि टोकाच्या स्विव्हलचं (फिरत्या कडीचं) प्रमाणपत्र रबराइतकंच बारकाईने मागा. आयएसओ १७३५७ या मानकाचं प्रमाणपत्र फेंडरसोबत येतं, पण जाळीवरचा प्रत्येक शॅकल त्यात मोजला गेला आहे असं गृहीत धरू नका.

फोमचे फेंडर आम्ही दुसऱ्या बोटीवर वापरले आहेत. भोक पडलं तरी ते बुडत नाहीत, गेज बघावं लागत नाही. हा मोठा फायदा. पण वारंवार दाबून फोम हळूहळू मरतो, हवा मरत नाही. शिवाय हवेचा फेंडर रिकामा करून वाहून नेता येतो, फोमचा नेता येत नाही. लाटा लांब आणि काम वारंवार असेल तर मी हवेचाच घेईन.

कामाच्या आधीच्या तपासणीचा आमचा क्रमही आता बदलला आहे. पूर्वी प्रेशर पहिलं बघायचो. आता आधी शॅकलच्या पिना एकेक करून हाताने हलवून बघतो, मग टोकाची कडी, मग ओढायची तार, टायर आणि रबर, आणि गेज सगळ्यांत शेवटी. दोन माणसांना अर्धा तास लागतो. पिना बघणारा माणूस दर वेळी वेगळा ठेवतो, आणि काल नवीन आलेल्या मुलाने पहिल्याच फेरीत एक ढिली तार शोधली.