उटीची टोडा शाल आणि डब्यासकट तोललेले चॉकलेट

गेल्या मे महिन्यात म्हैसूरमार्गे उटीला गेलो असता गाडीच्या चालकाने आपण होऊन ज्या दुकानापुढे गाडी उभी केली, त्या एकाच दुकानात माझी दोनदा फसवणूक झाली. सहलीला जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती घडली तशी लिहीत आहे.

टोडा या तिथल्या आदिवासी जमातीतील स्त्रियांच्या हातची म्हणून तांबड्या-काळ्या नक्षीची एक शाल मी १८०० रुपयांना घेतली. नीलगिरीतील या भरतकामाला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या नावालाच मी भुललो. खरे टोडा काम जाड्याभरड्या पांढऱ्या सुती कापडावर, नक्षी आधी न रेखता, कापडाचे धागे मोजत सुईने केलेले असते. ते भरलेले नव्हे तर विणलेलेच वाटते, हाताला खरबरीत लागते आणि दोन्ही बाजूंनी नेटके असते. घरी बहिणीने माझी शाल उलटली, तेव्हा मागे बॉबिनचा पांढरा दोरा आणि टाक्यांत अडकलेले पातळ कागदी अस्तर दिसले, म्हणजे काम सरळसरळ यंत्राचे होते. शाल माझ्या खांद्यावर टाकून आरसा दाखवण्याची दुकानदाराला एवढी घाई का होती, ते तेव्हा उमगले.

चॉकलेटचा प्रकार याहून चतुराईचा होता. चाखायला दिलेला तुकडा जिभेवर ठेवताच विरघळला. बांधून दिलेला माल मात्र घरी खाताना मेणासारखा टाळ्याला चिकटून राहिला. खऱ्या चॉकलेटातले कोकोचे लोणी शरीराच्या उष्णतेच्या जरा खालीच वितळते, स्वस्त वनस्पती तुपाचा माल तसा वितळत नाही. असे तूप वापरल्यास वेष्टनावर तसे छापावे लागते, पण सुट्या मालाला वेष्टनच नव्हते. (चॉकलेटवर आलेल्या पांढुरक्या थराचा दोष मी दुकानदाराला देत नाही, प्रवासातील उष्णतेने तो खऱ्या चॉकलेटवरही येतो.) किलोचे ९०० रुपये घेतले होते. घरच्या काट्यावर चॉकलेट ८३० ग्रॅम भरले आणि जाड पुठ्ठ्याचा डबा १७०. म्हणजे पुठ्ठाही चॉकलेटच्याच भावाने घेतला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला, तेव्हा बिल मागण्यात आले. माझ्यापाशी होता तो पाठकोऱ्या कागदाचा चिटोरा, त्यावर दोन आकडे आणि त्यांची बेरीज. दुकानाचे नाव, तारीख, जीएसटी क्रमांक यांपैकी काहीच त्यावर नव्हते, आणि पैसे मी रोख दिले होते, कारण रोखीवर शंभर रुपयांची सूट मिळाली होती.