सीईटीच्या गणिताची सराव चाचणी मालिका: विश्लेषण मोलाचे, पर्सेंटाइल फसवे

माझ्या मुलीने २०२५ साली अभियांत्रिकी प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा, एमएचटी-सीईटी, दिली. त्या तयारीसाठी साताऱ्यातील एका खासगी क्लासची फक्त गणिताची सराव चाचणी मालिका आम्ही जानेवारीत लावली होती. फी ४,५०० रुपये, एकूण २० चाचण्या आणि प्रत्येक चाचणीनंतर त्याच दिवशी दीड तासाचे विश्लेषण, असे तिचे स्वरूप होते. क्लासचे नाव मुद्दामच देत नाही. मला जे दोष दिसले त्यांतले काही सुधारतो असे सरांनी सांगितले आहे, आणि नाव घेऊन कोणाचा धंदा बसवण्याची माझी इच्छा नाही.

मुलगी गणितात कच्ची नव्हती, हे आधी सांगायला हवे. कॉलेजच्या पूर्वपरीक्षेत तिला ८० पैकी ७१ गुण होते. तरीही नाताळच्या सुट्टीत तिने मागच्या एका सीईटीची प्रश्नपत्रिका ९० मिनिटांचे घड्याळ लावून सोडवायला घेतली, तेव्हा ती ५० पैकी ३८ प्रश्नांपर्यंतच पोहोचली आणि त्यातले २१ बरोबर आले. "आई, सगळं येत होतं गं, नुसता वेळ संपला," असे ती म्हणाली. त्यानंतर हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले की माझ्या सासूबाईंनाही ते पाठ झाले.

वाक्य खरे होते आणि त्याचे कारण दोन परीक्षांच्या घडणीत आहे. बारावी बोर्डाचा गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. तेथे उत्तर चुकले तरी बरोबर लिहिलेल्या पायऱ्यांचे गुण मिळतात, त्यामुळे दोन वर्षे मुलांच्या हाताला सगळे सविस्तर, नीट मांडून लिहिण्याची सवय लागलेली असते. संगणकावर होणाऱ्या बहुपर्यायी सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम १ मिनिट ४८ सेकंद मिळतात, आणि पायऱ्या कोणी पाहत नाही. शिवाय भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे मिळून १०० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. दोन विद्यार्थ्यांचे एकूण पर्सेंटाइल (इतरांच्या तुलनेतले स्थान दाखवणारा आकडा) सारखे आले तर गुणवत्ता क्रम ठरवतानाही आधी गणिताचे पर्सेंटाइल पाहिले जाते. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयांची स्वप्ने पाहणाऱ्या घरांत गणिताचीच धास्ती का असते, हे मला, वाणिज्य शाखेच्या बाईला, हा हिशेब समजल्यावर उमगले.

आता मालिकेबद्दल. चाचण्यांचा दर्जा चांगला होता, पण चाचण्या कुठेही मिळतात. पैसे द्यावेत असे या मालिकेत जे काही होते ते चाचणीनंतरच्या दीड तासात होते. त्या तासाचा एक नियम मला फार आवडला: मुलांनी कच्च्या कामाचे कागद फेकायचे नाहीत, ते घेऊनच बसायचे. प्रत्येकाला चार रकान्यांचा एक छापील कागद दिला जाई आणि चुकलेला किंवा राहिलेला प्रत्येक प्रश्न त्यातल्या एका रकान्यात बसवावा लागे. येत नव्हता, येत होता पण चुकला, आला पण वेळ खाल्ला, वाचलाच नाही. सर प्रत्येकाजवळ जाऊन उत्तरपत्रिकेऐवजी कच्चा कागद पाहत. पहिल्या चाचणीनंतर माझ्या मुलीच्या कागदावर समासासह, "म्हणून" आणि "समजा" यांसकट बोर्डाच्या थाटात लिहिलेली उदाहरणे होती. सरांनी त्यातल्या एका उदाहरणाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि एवढेच म्हणाले, "बोर्डात मार्क पायऱ्यांना, इथे क्लिकला."

ते उदाहरण डेफिनिट इंटिग्रेशनचे, म्हणजे दोन मर्यादांमधल्या संकलनाचे होते. शून्य ते पाय बाय टू या मर्यादा, वर रूट साइन एक्स, खाली रूट साइन एक्स अधिक रूट कॉस एक्स. पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घालायचे, साइन आणि कॉस यांची अदलाबदल होते, दोन्ही समीकरणांची बेरीज करायची, आतले सगळे कटून एक उरतो, आणि उत्तर पाय बाय फोर येते. मुलीने हे सगळे आठ ओळींत बिनचूक केले होते आणि त्याला चार मिनिटे लागली होती. सरांनी तिला सांगितले की अदलाबदल होऊन बेरीज एक होते हे नजरेने एकदा दिसले, की उत्तर म्हणजे मर्यादांमधल्या अंतराचा निम्मा भाग, दुसरे काही लिहायचे कारणच नाही. मात्र त्याच दमात त्यांनी हेही बजावले की असे का होते हे ज्याला आठ ओळींत लिहिता येत नाही, त्याने हा शॉर्टकट वापरू नये, कारण मर्यादा किंवा छेद थोडा बदलला की तो आपटणार. नुसत्या युक्त्या विकणाऱ्या जाहिराती मी मोबाइलवर रोज पाहत होते, त्यामुळे हा इशारा मला मोलाचा वाटला.

दुसरे एक उदाहरण बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनचे. मीन (सरासरी) ४ आणि व्हेरिअन्स (विचरण) २ असताना नेमके एक यश मिळण्याची शक्यता विचारली होती. व्हेरिअन्सला मीनने भागले की क्यू (अपयशाची शक्यता) निम्मा, म्हणून पी (यशाची शक्यता) निम्मा, म्हणून एन (प्रयत्नांची संख्या) ८. उत्तर ८ भागिले २५६, म्हणजे १/३२. वीस-पंचवीस सेकंदांचे काम. पण पेपरात तो प्रश्न ४४ व्या क्रमांकावर होता आणि मुलगी तिथपर्यंत पोहोचलीच नव्हती. "वाचलाच नाही" हा रकाना सर्वांत महाग पडतो, हे तिला त्या दिवशी कळले. पुढच्या चाचणीपासून पहिल्या ५० मिनिटांत सगळा पेपर एकदा पालथा घालायचा, जे झटपट सुटेल ते सोडवायचे, उरलेल्यांवर खूण करून पुढे जायचे, ही शिस्त लावली गेली. ती अंगवळणी पडायला चांगल्या सहा चाचण्या लागल्या. हुशार मुलांना हातातला प्रश्न अर्धवट सोडणे हा अपमान वाटतो, आणि आमच्याकडे तर तो फारच वाटत असे.

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, तरी पहिल्या चाचणीत मुलीने १२ प्रश्न कोरे ठेवले होते. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी संभाव्यतेच्या हिशेबाने त्यातले तीन बरोबर यावेत, म्हणजे सहा गुण. ते तिने फुकट घालवले होते. जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेची तयारी सोबत करणाऱ्या मुलांचे असे फार होते, कारण तेथे चुकीला एक गुण कापला जातो आणि हात आखडता घेण्याची सवय इकडेही येते. शेवटची तीन मिनिटे केवळ कोऱ्या जागा भरण्यासाठी राखायची, हे क्लासने व्यवस्थित घटवून घेतले.

दोषही कमी नव्हते. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार आहे, म्हणजे गणितात साधारण १० प्रश्न अकरावीचे. या मालिकेतल्या पहिल्या दहा चाचण्यांत मी स्वतः मुलीच्या मदतीने मोजले, तर एकाही चाचणीत ते चारांहून अधिक नव्हते. सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, प्रॉबॅबिलिटी ही अकरावीची प्रकरणे मुले आधीच विसरलेली असतात. त्यांनाच बगल दिली तर गुण फुगतात आणि फसगत होते. सातव्या चाचणीच्या उत्तरसूचीत दोन उत्तरे चुकीची होती, आणि दुरुस्ती चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर आली. तोवर मुलीने एक बरोबर सोडवलेले उदाहरण तीनदा नव्याने सोडवून स्वतःवरच शंका घेतली होती. गणिताच्या उत्तरसूचीत चूक राहणे ही माझ्या मते अक्षम्य गोष्ट आहे.

त्याहून मोठी तक्रार संगणकाची. परीक्षा संगणकावर होते, पण मालिकेतल्या पहिल्या १४ चाचण्या कागदावर घेतल्या गेल्या आणि फक्त शेवटच्या सहा एका संगणक केंद्रात. पडद्यावरचा प्रश्न वाचून बाजूच्या कागदावर काम करताना आकडा चुकीचा उतरवणे ही वेगळीच जात आहे. संगणकावरच्या पहिल्या चाचणीत मुलीने एका मॅट्रिक्समधले उणे चिन्ह खाली उतरवलेच नाही, आणि पुढचे सगळे गणित निष्ठेने चुकीचे केले. ही सवय निदान मार्चच्या आरंभापासून लागायला हवी होती.

आता पर्सेंटाइल. प्रत्येक चाचणीनंतर पालकांच्या गटावर एक यादी येई. त्यात ६३ मुलांची नावे, गुण आणि पुढे दशांशांसह "पर्सेंटाइल". सहाव्या चाचणीत मुलीला ५४ गुण होते आणि पर्सेंटाइल ६१.९ दाखवले होते. त्या रात्री ती जेवली नाही. पुढचा आठवडा तिने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले नाही आणि रात्री दोनपर्यंत इंटिग्रेशनच करत राहिली. मीही घाबरले होते, हे कबूल करते. ओळखीतल्या एका प्राध्यापकांना फोन करून व्यवस्थापन कोट्याची फी विचारण्यापर्यंत माझी मजल गेली होती. मग त्यांनीच मला पर्सेंटाइल म्हणजे काय ते समजावले. एका सत्राला बसलेल्यांपैकी किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, एवढेच तो आकडा सांगतो. सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून गुणांऐवजी ही मोजणी वापरतात. प्रत्यक्षात एका सत्राला हजारो मुले बसतात आणि त्यांत सर्व प्रकारची मुले असतात. पदरचे साडेचार हजार भरून फक्त गणिताच्या चाचण्या देणाऱ्या ६३ मुलांतले पर्सेंटाइल हे त्या खोलीपुरते खरे. त्याची तुलना प्रवेशाच्या कटऑफशी करणे म्हणजे पेठेतल्या तालमीतल्या क्रमांकावरून महाराष्ट्र केसरीचा निकाल सांगण्यासारखे आहे.

मी सरांना भेटून यादी बंद करण्याची विनंती केली. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, यादी नाही टाकली तर निम्मे पालक विचारतात, चाचणी झाली का म्हणून." त्यांचे म्हणणे खोटे नसावे. तरी आकड्याचे नाव तरी बदला, "वर्गातील स्थान" म्हणा, असे मी सुचवले. ते त्यांनी मान्य केले, पण आमची मालिका संपेपर्यंत अमलात आणले नाही. आम्ही घरी आपला उपाय केला. यादी फक्त मी पाहायची, आणि मुलीने फक्त चार रकान्यांचा कागद भिंतीवर लावायचा. "वाचलाच नाही" या रकान्यातला आकडा १२ वरून १८ व्या चाचणीत शून्यावर आला, आणि त्याच सुमारास तिची झोपही परत आली.

मुलीचा पेपर २२ एप्रिलला झाला. त्याच वर्षी २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घ्यावी लागली. तिची एक मैत्रीण त्या सत्राला होती. उत्तर पर्यायांतच सापडत नाही म्हणून ती एकेक प्रश्न पुन:पुन्हा सोडवत बसली आणि रडत बाहेर आली. दोन मिनिटांत न सुटणारा प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय अशा वेळीही उपयोगी पडली असती, असे मला वाटते, जरी दोष तिचा मुळीच नव्हता.

निकालात मुलीचे गणिताचे पर्सेंटाइल ९४.६ आले. लॉगिनमध्ये दिसलेल्या उत्तरांवरून तिने मोजलेले गुण ६८ होते. क्लासच्या शेवटच्या चाचणीत तिला बरोबर तेवढेच, ६८ गुण होते, आणि यादीने तिला ८१ वर बसवले होते.

ज्यांची मुले शिस्तीने स्वतः चाचणी लावून घेऊ शकतात, त्यांनी ही फी भरण्याची गरज नाही. बालभारतीच्या बारावी गणिताच्या दोन्ही भागांत प्रकरणांच्या शेवटी बहुपर्यायी प्रश्न आहेत, पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि संगणकाची ओळख होण्यासाठी परीक्षा घेणारा राज्याचा सीईटी कक्ष स्वतः सराव चाचणीची सोय देतो. संकल्पनाच कच्च्या असलेल्या मुलालाही या मालिकेचा फायदा होणार नाही. त्याला शिकवणी हवी, चाचणी नव्हे. पण ज्याला गणित येते आणि तरी पेपर अपुरा राहतो, त्याच्या कच्च्या कागदावर कोणीतरी जाणत्याने पेन्सिल ठेवणे हे घरी होत नाही, आणि तेवढ्यासाठी मी पाचपैकी साडेतीन गुण देते.

यंदा दिरांच्या मुलासाठी आम्ही हीच मालिका घेतली आहे. फी भरण्याआधी त्याचे नाव यादीत न टाकण्याचे लेखी कबूल करून घेतले, आणि संगणकावरच्या चाचण्या कितव्या आठवड्यापासून आहेत हे वेळापत्रकावर सरांच्या हाताने लिहून आणले.