चारही प्लग, पण कॉइल एकच: वर्षभर वापरल्यानंतर

गाडी १.२ लिटरची, चार सिलेंडर, पेट्रोल अधिक सीएनजी, प्रत्येक प्लगवर (इंधन पेटवायला ठिणगी पाडणारा भाग) स्वतंत्र कॉइल (त्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी). तक्रार ओळखीची होती: चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की झटके, सीएनजीवर जास्त, पेट्रोलवर जेमतेम जाणवतील इतके. स्कॅनरवर पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरचं मिसिंग (तिथलं इंधन नीट न पेटणं). गॅरेजमधून ठरलेला सल्ला आला, "चारही कॉइल आणि चारही प्लग एकदमच टाका." प्रत्यक्षात प्लग चारही बदलले आणि कॉइल फक्त तिसऱ्याची. त्यानंतर एक पावसाळा आणि एक कडक उन्हाळा गेला, मिसिंग परत आलेलं नाही.

प्लग एकेकटे बदलण्यात काही अर्थ नाही. चारही सारखेच झिजतात. निकेलचे प्लग पेट्रोलवर साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. सीएनजीवर हे आकडे विसरा. निकेलचे प्लग २० हजारांना काढून बघावेत. गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात झिजून गॅप (ठिणगी जिथे पडते ती प्लगच्या टोकाची फट) वाढला, वर चढावर सिलेंडरमधला दाब वाढला, की तेवढं व्होल्टेज पुरवताना कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनवर ताण येतो. म्हणजे कॉइल मरते ती बऱ्याचदा प्लगमुळे. जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवणं म्हणूनच पैसे पाण्यात घालणं.

कॉइलला मात्र ठरावीक आयुष्य नसतं. ती पुराव्यावर बदलावी, आणि पुरावा मिळवायला एक पैसा लागत नाही. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर टाका, दुसऱ्याची तिसऱ्यावर, कोड पुसा आणि त्याच लोडवर, म्हणजे तशाच चढावर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना चालवा. पी ०३०२ आला तर कॉइल दोषी. पी ०३०३ च राहिला तर तसाच प्लग अदलाबदल करून बघा. तरीही तिसराच दाखवत असेल तर इंजेक्टर (इंधन फवारणारा), कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हची फट) याकडे वळा. इथे कोड कॉइलबरोबर हलला. मल्टीमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजून "ओके" म्हणणाऱ्यावर फार विसंबू नका. इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारं सर्किट) आतच असलेल्या कॉइलमध्ये त्या मोजणीतून फारसं कळत नाही, आणि गरम झाल्यावरच दगा देणारी कॉइल थंडपणी ठणठणीत दिसते.

एकाच सिलेंडरचा प्लग आणि कॉइल जोडीने बदलण्याचं खरं कारण वेगळंच आहे. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत न पडता बाहेरून बॉडीवर उतरते आहे. तशीच रेघ कॉइलच्या रबरी बूटात (प्लगवर चढणाऱ्या नळीत) आतून उमटलेली असते. अशा वेळी फक्त प्लग बदलला तर बूटातली रेघ थोड्याच दिवसांत नव्या प्लगलाही खराब करते. बूट सुटा मिळत असेल तर तेवढाच बदला, नसेल तर कॉइल. प्लगच्या षटकोनाच्या (जिथे पाना लागतो) लगत दिसणारा तपकिरी डाग मात्र निरुपद्रवी असतो, तो दाखवून कॉइल विकणारेही भेटतात.

प्लगचं काम इंजिन थंड असतानाच करा. अ‍ॅल्युमिनियमच्या गरम हेडचे (प्लग बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाचे) आटे प्लगबरोबर निघून येऊ शकतात. कनेक्टरचं लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. जुनं प्लॅस्टिक पटकन तुटतं. कॉइलचा बोल्ट बहुधा १० च्या पान्याचा. प्लग सोडण्याआधी तो बसतो त्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली माती सिलेंडरमध्ये जाते. नवा प्लग हातानेच चढवायचा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळायचा. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. प्लेटिंग केलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने तोच टॉर्क जास्त आवळतो. बूटाच्या कडेला आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहू देणाऱ्या) पातळ हात दिला की पुढच्या वेळी रबर चिकटून फाटत नाही.

खड्ड्यात ऑइल सापडलं तर आधी टॅपेट कव्हरमधले (इंजिनच्या वरच्या झाकणातले) प्लगनळीचे सील बदला. ऑइलमध्ये रबर फुगतं आणि नवी कॉइलही जाते. पाणी सापडलं तर इंजिन धुणाऱ्याचा पाइप आधी थांबवा.

सगळ्याच कॉइल एकदम टाकाव्यात अशीही परिस्थिती असते. काही व्ही-६ इंजिनांत मागच्या प्लगपर्यंत पोहोचायला इनटेक मॅनिफोल्ड (सिलेंडरला हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवावा लागतो. तिथे मजुरीच कॉइलइतकी होते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॉइल डोळ्यांसमोर असते, बदलायला दहा मिनिटं. एका ओरिजिनल कॉइलच्या पैशांत निकेलच्या चार प्लगचा संच येऊन वर पैसे उरतात. चार स्वस्त डुप्लिकेट कॉइल टाकण्यापेक्षा एक खरी घ्यावी आणि जमलं तर दुसरी डिकीत ठेवावी. वाटेत चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा भाग) जाऊन तो जाळतं. कन्व्हर्टरची किंमत कितीतरी कॉइलइतकी असते, म्हणून तिथेच बाजूला थांबून, १० चा पाना काढून कॉइल बदलता आली पाहिजे.