मेज, रूथ, आरन की बॉन्ड्स: आउटफिल्डमध्ये एक नंबर कोण?

बेसबॉलवाले भांडायला बसले की नुसते होम रनचे (म्हणजे आपल्या सिक्सरसारख्या फटक्यांचे) आकडे फेकत बसतात. अरे पण आउटफिल्डर म्हणजे आधी मागे पळून झेल घेणारा आणि लांबून थ्रो मारणारा माणूस ना? त्यामुळे माझ्या यादीत नुसती बॅट चालत नाही, आधीच सांगतो.

नुसती बॅट बघायची असेल तर मात्र बेब रूथ, विषय संपला. ७१४ होम रन, त्यातले ६० एकट्या १९२७ मध्ये, आणि वर हा माणूस आधी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा होता, ९४ मॅच जिंकून दिलेला. फक्त अडचण अशी की त्याच्या काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, काळ्या खेळाडूंना घेतच नव्हते, ते दार उघडलं १९४७ ला जॅकी रॉबिन्सन आला तेव्हा, म्हणजे ऑस्कर चार्ल्स्टनसारखा काळा सेंटर फिल्डर (आउटफिल्डच्या मधल्या भागात उभा राहणारा) तिकडे काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळत राहिला आणि रूथचे आकडे त्याच्याशिवायच जमले.

माझं मत विली मेजला. ६६० होम रन, उत्तम फिल्डिंगचं बक्षीस गोल्ड ग्लोव्ह सलग १२ वेळा, आणि ते बक्षीस सुरूच झालं १९५७ ला, तोवर हा सहा वर्षांपूर्वी आलेला, त्यातली जवळजवळ दोन आर्मीत गेली. १९५४ च्या वर्ल्ड सिरीजची (मेजर लीगच्या फायनलची) पहिली मॅच, २-२ स्कोअर, समोरच्या टीमची दोन माणसं बेसवर, म्हणजे रन काढायच्या वाटेवरच्या थांब्यांवर, आणि विक वर्ट्झने सेंटर फिल्डच्या पार टोकाला बॉल हाणला, तर मेज बॅट्समनकडे पाठ करून पळत सुटला आणि खांद्यावरून येणारा बॉल पकडला. कपिलने ८३ ला रिचर्ड्सचा घेतला ना, त्याच जातीचा झेल, पण याने घेतल्या घेतल्या गर्रकन वळून थ्रोही मारला आणि एकही रन होऊ दिली नाही.

हँक आरन कायम मागे राहतो कारण त्याने एका सीझनला ५० होम रन कधी मारल्याच नाहीत. पण ७५५ होम रन बाजूला काढल्या तरी त्याचे ३,००० च्या वर हिट्स (बॉल मारून बेस गाठलेले फटके) उरतात! वर्षानुवर्षं न गाजावाजा करता खेळणारा आवडत असेल तर हाच घ्या.

बॅरी बॉन्ड्सचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा बाबा. ७६२ होम रन, ५१४ चोरलेले बेस (फटका नसताना पळून गाठलेले), सात एमव्हीपी म्हणजे सीझनच्या सर्वात मोलाच्या खेळाडूची बक्षिसं, २००४ ला तर समोरच्यांनी १२० वेळा मुद्दाम बाहेर बॉल टाकून फुकट पहिल्या बेसवर चालत पाठवला, इतके घाबरायचे. पण स्टिरॉइडचं प्रकरण चिकटलं ते चिकटलंच, महान खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये जायला ७५ टक्के मतं लागतात आणि २०२२ ला पत्रकारांच्या शेवटच्या मतदानात ६६ वर अडकला. आणि गंमत म्हणजे मेज त्याचा गॉडफादर, खराखुरा, चर्चवाला.

टेड विल्यम्स? १९४१ ला .४०६ सरासरी मारली, म्हणजे दर हजार संधींमागे ४०६ हिट्स, त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या मेजरच्या दोन लीगमध्ये कुणाला .४०० जमलेलं नाही. पण फिल्डिंगमध्ये जीव नव्हता त्याचा, म्हणून माझ्याकडे पाचवा.